आप्पांसाठी थांबलेल्या अक्षता

प्रकरण सतरावे

पत्रिकेत अक्षतांची वेळ बारा पस्तीसची होती. एक वाजून गेला तरी राजशेखर आप्पा मांडवाच्या तोंडाशी फोन कानाला लावून उभेच होते. आत हजारभर माणसं मुठीत तांदूळ धरून बसली होती. मे महिन्यातलं जळकोटकडचं ऊन, वर कार्यालयाचं पत्र्याचं छत आणि पंखे असे की वाऱ्यापेक्षा आवाज जास्त. तांदूळ मुठीतच शिजत आले असतील, असं आप्पांच्या मनात आलं. असले विनोद त्यांना संकटातच सुचत. विधानसभेत दहा वर्षं बसून एकही सुचला नव्हता.

“साहेब पोचतच आहेत,” पलीकडून श्रीमंतरावांचा पीए म्हणाला. “दहा मिनिटं.”

ही दहा मिनिटं आप्पांना चांगलीच ओळखीची होती. आजवर त्यांच्या गाडीतून त्यांचाच पीए ती लोकांना वाटत आला होता.

श्रीमंतराव हे पक्षाचे निरीक्षक. इथले आमदार खासदार होऊन दिल्लीला गेले, जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली आणि अर्ज भरायचा शेवटचा दिवस नेमका आप्पांच्या सृष्टीच्या लग्नाचा निघाला. दुपारी तीनला तहसील कचेरीत अर्ज घेणं बंद. तिकीट अजून जाहीर नव्हतं, पण श्रीमंतरावांनी शब्द दिला होता की अक्षतांना येतो, पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म बरोबर आणतो आणि मांडवातून उठून तुम्हाला घेऊन थेट अर्ज भरायला जातो. आप्पांनी हे चित्र आठवडाभर मनात रंगवलं होतं. स्टेजवर निरीक्षक, त्यांच्या हातात तिकीट आणि समोर जेवायला आलेला सगळा मतदारसंघ. अशी सभा ट्रॅक्टर पाठवूनही भरत नाही. मध्ये मुलीचं लग्नही होतं म्हणा, पण ते ओघात उरकणारच होतं.

आप्पा दोनदा आमदार झाले आणि तिसऱ्यांदा पडले. निवडून आले ते स्वतःच्या पुण्याईवर आणि पडले ते पक्षामुळे, असा त्यांचा हिशेब होता. घरात कुणी तो उलटा मांडून पाहिला नव्हता. पुण्याई म्हणजे लग्नं. मतदारसंघातलं एकही लग्न त्यांनी चुकवलं नाही. लग्नसराईत एकेका दिवशी सात-सात मांडव व्हायचे. गाडीच्या मागच्या सीटवर फेट्यांचा ढीग साचायचा. स्टेजवर चढायचं, सत्कार घ्यायचा, अक्षता टाकायच्या, चार शब्द बोलायचे आणि पुढच्या गावाला निघायचं. जेवायला कुठे थांबायचं नाही, तेवढा वेळच नसे. ‘आप्पा आल्याबिगर अक्षता पडत न्हाईत’ असं लोक म्हणत, आणि आप्पा ते वाक्य आपल्या भाषणात घालत. त्यात कौतुक किती आणि कुरकुर किती, हे त्यांनी कधी चाखून पाहिलं नव्हतं.

“येत आहेत, येत आहेत, आपल्या सर्वांचे आदरणीय श्रीमंतराव साहेब अगदी वेशीवर आलेले आहेत!” माइकवर वीरण्णा गुरुजी ओरडले. गुरुजी निवृत्त हेडमास्तर, आणि तालुक्यातल्या लग्नांतला कायमचा आवाज. सगळ्या सरपंचांचं स्वागत त्यांनी दोनदा करून संपवलं होतं. मघाशी आचाऱ्याचं केलं. आता त्यांनी पाणी जपून वापरण्यावर बोलायला घेतलं होतं.

मोठे भाऊ महादेवप्पा लगबगीने आले आणि त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. महादेवप्पांची लातूरच्या मोंढ्यात आडत होती. सौद्याला कुणी उशिरा आलं तर ते त्याच्याकडे बघतसुद्धा नसत. वाटणीचं वितुष्ट आल्यापासून गेली काही वर्षं दोघा भावांत कामापुरतंच बोलणं होतं. पण आज सकाळपासून महादेवप्पा सावलीसारखे आप्पांच्या बरोबर होते, आणि आप्पांना त्याने भरून आलं होतं.

“शेखर, घाई करू नको,” महादेवप्पा म्हणाले. “मोठा माणूस येऊलालाय. त्याच्या माघारी अक्षता पडल्या तर आपली काय इज्जत ऱ्हाती?”

“नवरदेवाकडची माणसं चुळबुळ करालीत, अण्णा.”

“त्यांला मी सांभाळतो. तू फोनवर ऱ्हा.”

“संगमेश कुटं दिसंना?”

“त्यालाच धाडलाय की साहेबांना आणायला.” महादेवप्पांनी उपरण्याने कपाळ पुसलं. “पोरगं सकाळपासून त्याच कामात हाय.”

संगमेश्वर हा महादेवप्पांचा मुलगा. तरुण, हसरा, सगळ्यांना काका-मामा म्हणणारा. काकासाठी उन्हातान्हात पळतोय, या विचाराने आप्पांना दुसऱ्यांदा भरून आलं. एका दिवसात दोनदा भरून येणं राजकारणातल्या माणसाला बरं नसतं, पण ते सुचायला उशीर होता.

तेवढ्यात थोरली बहीण मल्लम्मा पदर सावरत आली. ती बिलोलीला दिलेली. हे स्थळ तिनेच आणलेलं, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या तिच्याच पदरात पडायच्या होत्या.

“शेखर, व्याही तोंड फिरवून बसलेत बग. लग्न लावणारे स्वामी दोनदा उठून उभे ऱ्हायले अन् दोनदा बसले. मन्मथ बिचारा मुंडावळ्या बांधून घामानं निथळालाय. अन् तुला सृष्टी बोलवालीय.”

“आत्ता?”

“न्हाई, तिकीट मिळाल्यावर,” मल्लम्मा अक्का म्हणाली आणि पुढे चालू लागली.

वधूच्या खोलीत कूलर पाण्याविना नुसताच घरघरत होता. सृष्टी शालूत अवघडून खुर्चीवर बसली होती आणि तिची आई ज्योत्स्ना लग्नपत्रिकेने तिला वारा घालत होती. सृष्टी लातूरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची. तो विषय घरात असूनही ती तो कॉलेजात का शिकली, हे आप्पांना कधी कळलं नाही.

“आप्पा, काय ठरलं?” तिने विचारलं. “लग्न आधी का तिकीट आधी?”

“दोन्ही संगंच की, बाळा. एकाच खर्चात.”

“ऐकलंस का?” ज्योत्स्ना लेकीला म्हणाली. “असं बोलत्यात, अन् मग म्हणत्यात, गंमत केली.”

“गंमतच केली,” आप्पा म्हणाले.

सृष्टी हसली नाही. “साक्षीचं लग्न आठवतं? माझ्या वर्गातली. तुम्ही साडेतीनला पोचलात. तिच्या आजोबांना भोवळ आली होती, त्यांना खुर्चीसकट बाहेर नेलं होतं. तुम्ही स्टेजवर चढून म्हणालात, उशीर झाला, पण माझी आठवण ठेवाल. ठेवली त्यांनी. अजून काढतात.”

“मग मत दिलं का न्हाई?”

“बघा! तुम्हाला हाच प्रश्न सुचला.”

आप्पा ओशाळले. पण प्रश्न खरोखर तोच सुचला होता, आणि उत्तरही हवं होतं.

“मी वर्गात विचारते,” सृष्टी म्हणाली. “आमदारानं स्वतःचं नाव कमावलं, तर त्याला त्या नावावर मतं पडतात का? पोरं उदाहरण तुमचंच देतात.”

“काय म्हणत्यात?” आप्पा पुढे सरकले.

“निम्मी म्हणतात पडतात, निम्मी म्हणतात न्हाई. उदाहरण दोघांचं एकच.”

“अन् तू?”

“मी दोघांना सारखे मार्क देते.” मग शालूच्या पदराशी चाळा करत म्हणाली, “आप्पा, मला भूक लागलीय. मला भीती वाटतीय की माझ्या लग्नाची गोष्ट निघाली की लोक श्रीमंतरावांचं नाव काढतील, माझं न्हाई. तुम्ही म्हणाल तेवढी थांबते मी. आजवर थांबतच आलोय आपण सगळे. पण एक करा. एकदा मांडवात मागच्या बाजूला जाऊन उभं राहा. तुम्ही कायम स्टेजवरून बघितलंय, तिथून सगळं बरंच दिसतं.”

आप्पा मागच्या बाजूला गेले. मांडव आणि स्वयंपाकाची जागा यांच्यामध्ये एक कनात लावली होती. तिच्या अलीकडे भट्ट्यांवर वरण उकळत होतं, पलीकडे शेवटच्या खुर्च्या. आप्पा कनातीला टेकून उभे राहिले. दोन आवाज ऐकू आले, आणि बोलीवरून गाव ओळखलं. हे गाव त्यांचा गड होता. तिथे ते पडलेल्या निवडणुकीतसुद्धा फार पडले नव्हते.

“अजून कशाची वाट बगालेत रं?”

“येऊलालाय म्हणं कुनीतरी मोठा. आप्पाच्या घरचं लग्न हाय, वेळंवर लागलं तर नाव बदलावं लागंल.”

“माझ्या बबीच्या लग्नात ह्येच्यापायी दोन तास. आचारी म्हनला, भात पुना टाकू का? पुना टाकला. शेवटी दोन्ही भात उरले.”

“तरी मत दिलंस की त्याला.”

“त्याला कुटं दिलं? चिन्हाला दिलं. आप्पा चिन्हाच्या मागं उभं होतं, त्याला मी काय करू?”

“अन् मागच्या बारीला?”

“मागच्या बारीला चिन्हच पडलं, मग आप्पाबी पडलं. पर मानूस वंगाळ न्हाई हं. बोलवलं की येतंय. लवकर येत न्हाई एवढंच.”

दोघे हसले. आप्पा कनातीमागे तसेच उभे. दोन माणसं म्हणजे काही मतदारसंघ नव्हे, असं त्यांनी मनाशी म्हणून पाहिलं. पण कनातीच्या फटीतून त्यांना दिसलं, त्या दोघांच्या पुढच्या रांगेत एक म्हातारी बसली होती. तिने मुठीतले तांदूळ पदराच्या टोकाला बांधून ठेवले होते आणि हात मोकळे करून ती स्वतःला वारा घालत होती. इतक्या सराईतपणे बांधले होते की असं ताटकळायचं हे तिचं पहिलं लग्न नसावं. आप्पांना लाज वाटली. स्पष्टच सांगायचं तर, आयुष्यात पहिल्यांदा एवढी वाटली.

ते तडक स्टेजकडे निघाले. वाटेत फोन वाजला, त्यांनी घेतला नाही. गुरुजींच्या हातातून त्यांनी माइक घेतला, तेव्हा गुरुजी पाण्यावरून वृक्षारोपणावर आले होते.

“स्वामी,” आप्पा म्हणाले, “सुरू करा.”

“पण आप्पासाहेब, साहेब वेशीवर…” गुरुजी कुजबुजले.

“वेशीवरनं जेवायला येतील. पोरीला घेऊन या.”

सगळ्या मांडवात टाळ्या वाजल्या. जोरात, मनापासून, शिट्ट्यांसकट. आप्पांनी दहा वर्षं भाषणं केली होती, पण भाषण न करण्याला टाळ्या पडतात हे त्यांना आजच समजलं. हजारएक मतं तरी आत्ता वाढली, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांनी स्वतःलाच मनातल्या मनात एक ठेवून दिली.

दाराकडून महादेवप्पा हात हलवत धावत येत होते. “अरं थांब! शेखर, दोनच मिनिटं! दोनच!” पण स्वामींनी मंगलाष्टकं सुरू केली होती आणि वाजंत्री दबा धरूनच बसली होती. कुठल्याही लग्नात आप्पा अक्षता टाकायचे ते गर्दीकडे बघत, कोण आलं, कोण नाही, कुणाने मान फिरवली. आज त्यांनी सृष्टीकडे पाहिलं. तिच्या केसांत तांदूळ अडकले होते, ती मान खाली घालून हसत होती, आणि तिचं नाक अगदी तिच्या आजीसारखं होतं. हे आप्पांना आज दिसलं. रडू आलं ते त्यांनी आवरलं नाही. फोटोवाल्याने मात्र तो नेमका क्षण घालवला, आणि त्याचं आप्पांना थोडं वाईटही वाटलं.

पहिली पंगत बसायच्या गडबडीत मल्लम्मा अक्काने त्यांना हाताला धरून खांबाआड ओढलं.

“शेखर, चिडणार न्हाई म्हण.”

“काय झालं?”

“श्रीमंतराव येणार न्हाईत. ते कचेरीजवळच बसलेत सकाळपासनं. फॉर्म संगमेशाच्या नावाचा हाय.” ती एका दमात बोलली. “अण्णा मघा टाकीमागं फोनवर बोलालता. त्याला वाटलं कुणी न्हाई, मी हात धूत होते. म्हणाला, शेखरला तीनपर्यंत धरून ठेवतो, फिकीर करू नका. साहेबाबिगर तो अक्षता पडूच देत न्हाई, सवयच हाय त्याची.”

 तिकीट गेलं याचं आप्पांना दुःख झालंच, पण खरा घाव त्या शेवटच्या वाक्याचा होता. सख्ख्या भावाने त्यांना बांधायला दोरी बाहेरून आणली नव्हती. जिच्यावर ते आयुष्यभर मिरवले, त्या त्यांच्याच सवयीने त्यांना बांधून ठेवलं होतं. सकाळपासून खांद्यावर असलेला तो हात आता आठवला.

“अजून दोन वाजायलेत,” अक्का म्हणाली. “अपक्ष भर. तुझा अर्ज तयार हाय ना? मला ठाव हाय, ज्योत्स्नाच बोलली. तुझं नाव हाय की शेखर! गावागावात वळखत्यात तुला. चिन्ह गेलं खड्ड्यात. दाव एकदा अण्णाला.”

अर्ज खरंच तयार होता. सूचकांच्या सह्यांसकट तो गाडीत ठेवलेला होता. सावध माणूस म्हणून आप्पांनी तो आठवड्यापूर्वीच करून घेतला होता, आणि चिन्ह म्हणून शिट्टी मागावी की कपबशी, यावर रात्री जागून विचारही केला होता. ज्योत्स्ना जवळ येऊन उभी राहिली. तिने सगळं ऐकलं होतं.

“जायचं तर जा,” ती म्हणाली. “मी अडवणार न्हाई. अडवून तुम्ही कधी थांबलाव? पण पाठवणी चारला हाय, आणि तिथं अर्ज भरला की मिरवणूक निघती, हेबी मला ठाव हाय.”

“तुला काय वाटतं? माझ्या नावावर पडतील मतं?”

ज्योत्स्नाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. “माझं एक पडंल,” ती म्हणाली. “बाकीच्यांचं त्यांला विचारा. समोरच बसलेत.”

आप्पांनी खरंच विचारायचं ठरवलं. मतदारसंघ पत्रावळ्यांपुढे मांडी घालून बसला होता, असा पुन्हा कधी सापडणार? ते पंगतीतून वाकून वाकून निघाले. प्रत्येकाच्या कानाशी लागून हळूच म्हणत, “अपक्ष उभं ऱ्हावं म्हणालोय. कसं?”

“हाव हाव, आप्पा! बिनधास्त.”

“तुमी आमचेच हाव की.”

“बगू की आप्पा. बसून बोलू.”

“तुमचंच काम हाय, काळजी सोडा.”

“नुसता फोन करा. हजर.”

प्रत्येकजण तोंडातला घास गालात सारून, मान डोलावून, हसून बोलत होता. एकानेही नाही म्हटलं नाही. आप्पांचा उत्साह वाढत चालला. दहाव्या-बाराव्या पत्रावळीपाशी मात्र ते थबकले. हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. नुसते शब्द नाहीत, तो सूर, ती मान, हात जरासा पुढे करून समोरच्याचा दंड दाबणं, आणि ते दाबतानाच नजर पुढच्या माणसाकडे जाणं. ‘बगू की. तुमचंच काम हाय. फोन करा.’ ही सगळी बोली त्यांनीच या गावांना शिकवली होती. पाझर तलाव मागायला आलेल्यांना, पोराच्या नोकरीसाठी आलेल्यांना, रस्त्याला आलेल्यांना. लोकांनी ती नीट जपून ठेवली होती आणि आज, कसलाही राग न धरता, जशीच्या तशी परत केली.

पंगतीच्या टोकाला एक पत्रावळ रिकामी होती. आप्पा तिथे खाली बसले.  वाढप्याने न बघता भात टाकला, वर वरण ओतलं, बाजूला हुग्गी, खपली गव्हाची गोड खीर. कितीतरी वर्षांत आप्पा लग्नात जेवायला बसले नव्हते. त्यांनी पहिला घास घेतला. भात चांगला मोकळा झाला होता.

शेजारी एक म्हातारा शेतकरी जेवत होता. नवरदेवाकडचा, बिलोलीकडचा, आप्पांना कधीच न पाहिलेला.

“कोन्या गावचं पावनं?” त्याने विचारलं.

“हितलाच.”

“पोरीकडचं?”

“हाव.”

“कोन लागता?”

दोनदा आमदार, सध्या माजी, हे आप्पांच्या जिभेवर आलं होतं. ते तिथेच राहिलं. “बाप,” ते म्हणाले.

म्हाताऱ्याचा घास हातातच थांबला. “बाप? अन् पैल्या पंगतीला बसलाव? अहो, पोरीच्या बापानं वाढायचं असतंय. त्याचं जेवन शेवटाला. येवढंबी ठाव न्हाई? कवा कुनाच्या लग्नाला गेलाव का न्हाई?”

आप्पांना हसू फुटलं. असं फुटलं की वरणाचा ठसका लागला, आणि म्हाताऱ्याने घाबरून त्यांच्या पाठीवर थाप मारली. हजारो लग्नांना हजेरी लावलेला माणूस उठला, त्याने हात धुतला आणि वाढप्याकडून हुग्गीची बादली मागून घेतली. बादली जड निघाली. दारात त्यांचा ड्रायव्हर घड्याळावर बोट ठेवून खुणा करत होता.

“गाडी सावलीला लाव,” आप्पा लांबूनच ओरडले, “अन् जेवायला ये!”

वाढणं त्यांना येत नव्हतं. पहिल्याच पत्रावळीवर हुग्गी भातात गेली, दुसऱ्या माणसाच्या धोतरावर सांडली. तिसरीकडे एका बाईने त्यांचा हात धरून डाव कसा तिरपा करायचा ते दाखवलं. “आप्पा, हिकडं!” “आप्पा, तूप ऱ्हायलं!” अशा हाका येऊ लागल्या, आणि ते घामाघूम होऊन त्या हाकांमागे धावत राहिले. सृष्टी आणि मन्मथ स्टेजवरून बघत होते. सृष्टीने मन्मथच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघेही खो-खो हसले. आप्पांनी त्या हसण्याला मान वाकवून नमस्कार केला.

दुसरी पंगत अर्ध्यावर आली असताना गुरुजींच्या हातात कुणीतरी चिठ्ठी दिली. गुरुजींना आतल्या गोष्टींचा पत्ता नव्हता. त्यांनी आनंदाने माइक फुंकला. “अत्यंत हर्षाची वार्ता! आपल्याच घरचे, आपले संगमेश्वर यांनी पक्षाच्या वतीने अर्ज दाखल केलेला आहे! टाळ्या!” टाळ्या पडल्या. बऱ्याच पडल्या. मघाशी आप्पांच्या कानात “हजर” म्हणालेल्यांनीही वाजवल्या, आणि एकाच्या तोंडात तर तेव्हा आप्पांनी वाढलेलीच हुग्गी होती.

महादेवप्पा त्याच पंगतीत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. आप्पा बादली घेऊन त्यांच्यापुढे आले आणि वाकले. जवळचे दोघे-तिघे जेवायचे थांबले.

“तू गेला न्हाईस?” महादेवप्पांनी हळूच विचारलं.

“कुटं जाऊ? पंगत चालू हाय.” आप्पांनी डावभर हुग्गी वाढली.

“बस.”

आप्पांनी दुसरा डाव घातला.

“शेखर, बस. शुगर हाय मला.”

“मला ठाव हाय.” तिसरा.

महादेवप्पांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.  “तुला मागितलं असतं तर…”

“मागितलं असतंस तर दिलं नसतं मी,” आप्पा म्हणाले. “ते खरंच हाय. पण माझ्या पोरीचं लग्न ताटकळत ठेवलंस, अण्णा. लई लागलं ते. जन्मभर लागंल.”

 बादलीचं ओझं आप्पांच्या खांद्यात चढत होतं, पण ते हलले नाहीत.

“प्रचाराला येशील का?” शेवटी महादेवप्पांनी विचारलं. एवढं विचारायला निर्लज्जपणा लागतो, आणि थोडी आशाही.

“येतो की. पण मी कुणीकडनं फिरल्यावर संगमेशाला बरं, त्याच्याकडनं का समोरच्याकडनं, ते आधी लोकांत इचारून घे.”

शेजारचा फिसकन हसला. महादेवप्पाही हसले, हसता हसता त्यांचे डोळे भरले, आणि ते पुसायला उजवा हात खरकटा होता. डावा हात अजून पत्रावळीवर आडवा होता. तो त्यांनी बाजूला घेतला.

“वाढ,” ते म्हणाले.